नाककाका आणि बाजरीचा ट्रक

कोंबड्यांच्या खाद्याच्या गिरणीत त्यांना सगळे नाककाका म्हणत. धान्याचा ट्रक आला की ते पोत्यात कोपरापर्यंत हात घालत, मूठभर दाणे नाकाशी नेत आणि मान हलवत. मान उभी हलली तर माल आत, आडवी हलली तर ट्रक परत. ओलावा मोजायचं यंत्र कपाटात धूळ खात पडलं होतं. "गेटवरचं कुत्रं रजेवर गेलं तरी चालेल, काका जायला नकोत," असं मालक हसत म्हणायचा.

हिवाळ्यात काकांना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. साबण, घाम, करपलेलं दूध, सगळं सारखंच. येईल आज ना उद्या, म्हणून त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. मक्याचं त्यांना भय नव्हतं. तीस वर्षं मकाच पाहिलेला. दाण्याचं टोक काळवंडलं की नुसत्या नजरेला कळायचं. मूठ नाकाशी जायची, काम डोळे करायचे.

मग मका मिळेनासा झाला. ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यातला निम्मा मका काढून बाजरी घालायचं ठरलं. खाद्याचं प्रमाण ठरवणाऱ्या बाई म्हणाल्या, "बाजरीवर पक्षी चांगलं वजन धरतात. फक्त ती कोरडी हवी. काका आहेत, म्हणून मी निर्धास्त आहे."

बाजरीचा दाणा बारीक, करडा. बिघडला की कसा दिसतो, ते काकांना ठाऊक नव्हतं. पहिल्या ट्रकपाशी त्यांनी मूठ नाकाशी धरली. मागे हमाल खोळंबले होते. काकांनी मान उभी हलवली.

तीन आठवड्यांनी लेकीचा फोन आला. तिच्या शेडमध्ये चार हजार पक्षी होते आणि खाद्य याच गिरणीचं.

"बाबा, पक्ष्यांची मरतूक थांबत नाहीये. डॉक्टर आलेत. तुम्ही या."

काका पोचले तेव्हा डॉक्टरांनी मेलेला पक्षी चिरून पत्र्यावर ठेवला होता. यकृत सुजलेलं, पिवळट. बोट लावलं की भुगा होत होता. जिवंत पक्षी तुसावर पंख टाकून बसले होते, खाद्याकडे बघतही नव्हते.

"बुरशीचं विष आहे," डॉक्टर म्हणाले. "खाद्यातून गेलंय."

"गिरणीतून येणं शक्यच नाही," लेक म्हणाली. "बाबांच्या नाकाखालून गेल्याशिवाय तिथे दाणा आत जात नाही. इथेच भिजलं असणार." ती नवऱ्याकडे वळली. "पोती भिंतीला लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं. ऐकलंत कधी?"

आठवडाभर जावयाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मेलेले पक्षी टोपलीत टाकत तो म्हणाला, "असेल, माझंच चुकलं असेल."

काका गप्प राहिले असते तर निभावलं असतं. ते भिंतीपासून दूर ठेवलेल्या, न उघडलेल्या पोत्यापाशी गेले, शिवण उसवली आणि मूठभर खाद्य लेकीपुढे धरलं.

"वास घे."

तिने घेतला आणि झटकन तोंड फिरवलं. "कुबट आहे हे."

"मला काहीच येत नाही. हिवाळ्यापासून नाही," काका म्हणाले. "बाजरी ओली होती. मीच आत घेतली."

"हा माल आणखी कुठे गेलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सात शेडना."

काकांनी तिथूनच मालकाला फोन करून सगळं सांगितलं. मालक म्हणाला, "उद्यापासून येऊ नका." मग त्यांनी एकेका शेडला फोन लावला. पाच जणांनी लगेच खाद्य काढून घेतलं. उरलेल्या दोघांकडे पक्षी केव्हाच मरायला लागले होते. त्यातल्या एकाने नुसतं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

लेकीने नवऱ्याच्या हातातली टोपली काढून घेतली. "तुम्ही जरा पडा जाऊन," ती हळू आवाजात म्हणाली. मग वडिलांकडे न बघता ती मेलेले पक्षी उचलू लागली.

काका फावडं घेऊन शेडमागे खड्डा खणायला गेले.