द्रौपदाबाईंच्या मूत्रपिंडाचा राखणदार

मित्रांनो, मला उचलायचं तर दोन्ही हात लावा, नाहीतर पायावर पडेन आणि बोंबलत बसाल! दिसायला मूठभर, पण मी शिशाचा जुना ठोकळा आहे.

साल १९९३. जळगावात कादर मिस्त्रींच्या भट्टीवर माझा जन्म झाला. डॉक्टरांनी एक्स-रेवरून मूत्रपिंडाचा आकार कागदावर काढून दिला होता. तो पाहून मिस्त्री म्हणाले, "आजवर पाइपांचे सांधे भरले, आता माणसाचा अवयव ओतायचाय. या अल्ला, हात सांभाळ!" मनासारखा उतरेपर्यंत त्यांनी मला तीनदा वितळवलं.

ते मूत्रपिंड साक्रीकडच्या द्रौपदाबाईंचं. त्यांच्या जठरातली कर्करोगाची गाठ काढली होती, आता उरल्यासुरल्या रोगासाठी पोटावर किरण द्यायचे होते. पण जठराला लागूनच डावं मूत्रपिंड, आणि बाईंचं उजवं आधीच निकामी! डावंही भाजलं असतं तर सगळंच संपलं असतं. म्हणून मशीनखालच्या पारदर्शक फळीवर मला ठेवत. तिथे मी किरण अडवायचो. डॉक्टरांनी पोटावर शाईने आखलेल्या जांभळ्या रेघांवरून माझी जागा ठरायची.

मशीन चालवायचे यादवभाऊ. काय माणूस हो! रेघा समोर दिसत असूनही रोज बेंबीपासून पट्टी लावून अंतर मोजायचे. बाहेर रांगेतले लोक कुरकुरायचे, आणि हे आपले मोजतायत!

आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, सोमवारी माप जुळेना. चांगला दोन बोटांचा फरक. यादवभाऊंनी मला फळीवरून उचललं आणि विचारलं, "अक्का, रेघा पुसल्या होत्या का?"

मला वाटलं, आता नाहीच म्हणतील. पण बाई हळूच म्हणाल्या, "हा भाऊ. सणले आंग धोवं, बठ्ठ्या पुसाई गयात. डाक्टर रागे भरीन म्हनीसन मीच पेनघाई काढ्यात."

बाप रे! म्हणजे सणाच्या आंघोळीत सगळ्या रेघा पुसल्या गेल्या, आणि डॉक्टर रागावतील म्हणून बाईंनी स्वतःच पेनाने अंदाजाने ओढल्या! मी भलतीकडे बसलो असतो आणि मूत्रपिंड किरणांखाली उघडं पडलं असतं.

यादवभाऊ रागावले नाहीत. "बरं झालं सांगितलंत," म्हणाले. डॉक्टरांना बोलावलं, पुन्हा एक्स-रे काढला, नव्या रेघा आखल्या. रांगेतल्यांनी आरडाओरडा केला, तो त्यांनी मुकाट ऐकून घेतला. अशा माणसाच्या हाताखाली काम केलं, याचा मला फार अभिमान आहे.

तीन वर्षांनी बाई तपासणीला आल्या. मूत्रपिंड ठणठणीत! त्यांनी मला मागून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि पोटभर रडल्या.

उद्या मी पुन्हा भट्टीत जाणार. दीपनगरच्या एका पेशंटला वेगळा आकार हवाय. आनंदाने वितळेन. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या अंगावर अशा रेघा असतील तर जपा, आणि पुसल्याच तर लगेच सांगा. सगळे माझं कौतुक करतात. खरं सांगू? त्या सोमवारी मी फळीवरून उतरलेला होतो. मूत्रपिंड वाचवलं ते घाबरलेल्या द्रौपदाबाईंनी, खरं बोलून.