पसंतीची दिवाळी

कारखान्यात दर दिवाळीला सगळ्या कामगारांना एकसारखा स्टीलचा डबा मिळायचा आणि आकुर्डीतल्या बायका कंपनीच्या नावानं बोटं मोडायच्या. त्यात सोनबाची शालनबाई सगळ्यांत पुढं. यंदा मात्र युनियननं भांडून पसंतीचा हक्क मिळवला. डबा, थर्मास, चादर, कळशी, कंदील. ज्याला जे हवं ते! त्यासाठी घोषणा देऊन देऊन सोनबाचा घसा पार बसला होता.

तो ऐटीत थर्मास घेऊन घरी आला.

"शेजारच्या छबूबाईनं कळशी घेतलीया," शालनबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सोनबानं साहेबाच्या हातापाया पडून थर्मासाची कळशी करून आणली. तोवर छबूबाईनं कळशीची चादर करून घेतली होती. मग सोनबानंही चादर आणली. ती अंथरताना शालनबाईनं सुस्कारा सोडला, "थर्मास काय वाईट व्हता?"

पुढच्या वर्षी मीटिंगमध्ये सेक्रेटरीनं विचारलं, "दिवाळीची मागणी काय ठेवायची?"

सोनबा ताडकन उठला. "डबा! समद्यांस्नी एकच डबा! पूर्वी बायकांच्या शिव्या कंपनी खात हुती. गेल्या दिवाळीपासनं मीच खातुया, राव!"