ढोलीमागचं गाडगं

मनकर्णा वेणी घालायची ती भिंतीला पाठ लावून. फणी डोक्यातून निघाली की आधी दाराकडे बघायची, मग फणीकडे. पूर्वी दोन-चार केस यायचे, आता मूठ भरायची. ती मूठ आवळून ती माजघरात भात साठवायच्या ढोलीमागे जायची. बांबूच्या त्या अगडबंब ढोलीच्या आणि भिंतीच्या मधल्या अंधारात तिने एक गाडगं ठेवलं होतं. गुंतवळ त्यात दाबायचा, वर झाकणी ठेवायची, पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि कामाला लागायचं.

आता कोणी म्हणेल, केस गळले तर गळले, त्यात लपवण्यासारखं काय? म्हणणाऱ्याने धानोऱ्याच्या अलीकडच्या त्या गावात चार दिवस राहून बघावं. तिथे गळलेला केस बाईने इकडेतिकडे टाकायचा नाही. त्यावर थुंकून वळचणीला खोचायचा, भलत्याच्या हाती लागला तर करणी होते, असं सासूने, गुणाबाईने, मनकर्णाला लग्न होऊन आल्याबरोबर बजावलं होतं. दोन-चार केस वळचणीत मावतात, मूठ-मूठ केस कुठे खोचणार? जाळावेत तर वास घरभर. नाल्यात सोडावेत तर उन्हाळ्याचा नाला, दगडादगडाला केस अडकणार आणि सकाळी पाण्याला आलेल्या बाया ते बघणार.

पण मनकर्णाची खरी भीती करणीची नव्हती. तिची खरी भीती नाल्यापलीकडे एका खोपडीत राहत होती. तिचं नाव डोमा. डोमा तिच्या नवऱ्याचा, मुखरूचा, चुलतभाऊ. आधी त्याच्या भुवया गेल्या, मग तोंड सुजलं, मग आवाज घोगरा झाला, आणि गावाने ओळखलं की हा महारोग. आता त्याची बायको रोज नाल्याच्या अलीकडे एका दगडावर भात ठेवते आणि मागे सरते, तेव्हा तो येऊन उचलतो. पोरीचं लग्न त्याने पलीकडच्या काठावरून पाहिलं. वाजंत्री ऐकू येत होती, तेवढंच.

आणि आता मनकर्णाच्या भुवयांची बाहेरची टोकं गेली होती. तोंड सुजलं होतं. आवाज असा जड झाला होता की अंधारात तिने हाक मारली तर मुखरूला वाटायचं कोणी पुरुष आला. सकाळी उठली की बोटांना मुंग्या. काम उरकेना, बसल्या जागी डोळा लागायचा.

"काऊन व, म्हशीवानी बसून राह्यली?" गुणाबाई ओरडायची. "अन् वैशाखात गोधडी! तुले सरम नाई वाटत?"

मनकर्णाला शरम वाटत नव्हती, थंडी वाटत होती. पण हे कोणाला सांगणार? तिची कमळा अजून तिच्या कुशीत झोपायची. हल्ली झोपताना मनकर्णा तिच्याकडे पाठ करायची. पोर मागून गळ्यात हात टाकायची, तेव्हा तो हात काढताना तिला ब्रह्मांड आठवायचं.

महारोग्याला चटका कळत नाही असं तिने ऐकलं होतं. म्हणून एकदा घरात कोणी नसताना तिने चुलीत तापलेला चिमटा मनगटाला टेकवला. असा सणसणीत चटका बसला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मनकर्णा हसली! चटका बसला म्हणून हसणारी बाई तुम्ही कुठे पाहिली नसेल. तो सगळा दिवस ती हलक्या पायाने वावरली. दुसऱ्या दिवशी उठली तर बोटं पुन्हा बधिर, आणि फणीत पुन्हा मूठभर केस. हसू तिथेच संपलं.

तिला गाडग्याशी एकदाच कोणीतरी पाहिलं होतं. सोनीबाईने. सोनीबाई गावकुसाजवळच्या गोंडांच्या वस्तीतली, टोल्यातली विधवा, भात कांडायला यायची. ढोलीतून भात काढायला म्हणून ती माजघरात आली आणि मनकर्णा हातात गुंतवळ घेऊन उभी. पदर खांद्यावर, डोकं उघडं. सोनीबाईने पाहिलं, मान वळवली, सूप भरलं आणि निघून गेली. नंतर ना तिने विचारलं, ना हिने सांगितलं.

पाऊस तोंडावर आला तेव्हा गुणाबाईच्या मनाने घेतलं की ढोली सरकवून खालची जमीन सारवायची. मनकर्णा तेव्हा विहिरीवर होती. घागर घेऊन परतली तर अंगणात निम्मं गाव जमलेलं. मधोमध तिचं गाडगं, फुटलेलं, आणि केसांचा ढीग. उखळापाशी सोनीबाई उभी होती. मुसळ तिच्या हातातून कोणीतरी काढून घेतलं होतं.

"माह्या सुनेले खाल्लं व इनं!" गुणाबाई छाती बडवत होती. "मी म्हणो, चांगली धडधाकट पोरगी अशी काऊन सुजून राह्यली? घोगरी काऊन बोलते? ढोलीपाशी दुसरं येते कोण? हेच येते!"

गावात झाडफूक करणारा दादाजी नावाचा मांत्रिक होता. तो वाकला, ढीग काठीने उकरला आणि हात न लावता म्हणाला, "मसनातले केस होत हे. करणी आहे. हिले उंबराले बांधा, मंग बोलते कशी नाई ते पाहू."

उंबराला बांधणं म्हणजे काय, हे त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या गावात एका बाईला असंच बांधलं होतं. ती कबूल झाली, आणि पुन्हा तिला दोन्ही पायांवर नीट उभं राहिलेलं कोणी पाहिलं नाही. कोणीतरी दोर आणायला गेलं.

आणि गुणाबाईने काय करावं? जन्मात केलं नव्हतं ते केलं. सुनेला जवळ घेतलं. "भिऊ नोको माय," म्हणाली, "आता बरी होशीन तू." सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मनकर्णाला कळलं की आपण सुटलो. ही करणीच असेल तर आपण महारोगी नाही. आता सासू तूप-भात चारेल, गाव कीव करेल, कमळा कुशीत झोपेल. काही बोलायचंही नाही, नुसतं गप्प बसायचं. इतकी सोपी गोष्ट तिच्या वाट्याला आयुष्यात कधी आली नव्हती.

दोर आला. सोनीबाईचे हात मागे ओढले तेव्हा तिचं लुगडं खांद्यावर टरकन फाटलं. ती ओरडली नाही. ती फक्त मनकर्णाकडे बघत होती. 'हे केस हिचेच,' एवढं म्हणायला तिला काय लागत होतं? पण गोंडाच्या विधवेचं खरं मानणार कोण, हे तिलाही माहीत होतं आणि मनकर्णालाही. की दिसलेलं झाकायचं असं तिने तेव्हाच ठरवलं होतं, आणि अजून ते मोडत नव्हती? मनकर्णाला घाम फुटला. कितीतरी महिन्यांत तिला घाम आला नव्हता.

"माहे होत," ती म्हणाली.

घोगरा आवाज कोणाचा ते आधी कोणाला कळलंच नाही. मग तिने सासूचा हात बाजूला केला आणि डोक्यावरचा पदर खाली ओढला.

"माहे केस होत ते. मीच लपवले. सोडा तिले."

भरदुपारचं ऊन तिच्या डोक्यावर पडलं. कानांच्या वर टाळू दिसत होती, मागे उंदराच्या शेपटीएवढी वेणी, आणि निम्म्या भुवयांच्या जागी नुसती सुजलेली कातडी. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "डोमावानी." सगळे एकदम मागे सरले, दोर धरणारेही दोर टाकून. गुणाबाईने ज्या हाताने तिला धरलं होतं तो हात लुगड्याला पुसला. कमळा "माय" म्हणत धावली, तिला आजीने दंडाला धरून घरात ओढलं आणि कडी लावली. आतून पोरीचा आक्रोश ऐकू येत होता. मनकर्णा जिथे होती तिथेच उभी राहिली. तिला वाटलं, आता फक्त नाला ओलांडायचा राहिला.

मुखरू फारसा बोलणारा माणूस नव्हता. त्याने गाडी जुंपली. "धानोऱ्याच्या बाजारात महारोगाचा सरकारी डॉक्टर बसते," म्हणाला. "तो म्हणन तं खोपडी बांधू. दादाजीच्या म्हणण्यानं नाई." सगळा रस्ता दोघं गाडीच्या दोन टोकांना बसली होती.

डॉक्टरने हातात एक पीस घेतलं आणि तिला डोळे मिटायला सांगितलं. "पीस लागेल तिथे बोट ठेवा." हातावर, गालावर, पायावर तिने बरोबर बोट ठेवलं. प्रत्येक वेळी वाटायचं, ही पुढची जागा कळणार नाही.

"तुम्हाला महारोग नाही," डॉक्टर म्हणाला.

"अजून एक डाव पाहा ना साहेब."

त्याने तिचा गळा चाचपला. "थंडी वाजते?"

"वैशाखात गोधडी घेते," मुखरूच बोलला.

"गळ्यात एक ग्रंथी असते. तिचं काम मंदावलं की सगळं अंगच मंदावतं. सूज येते, बोटं बधिरतात, आवाज बसतो, भुवया आणि केस जातात. याच्या गोळ्या नागपूरहून मागवतो. रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. केस येतील, पण हळूहळू." आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

मनकर्णा बाजारातच, मिरच्यांच्या ढिगाशेजारी, मटकन खाली बसली आणि भोकाड पसरून रडली.

गोळ्या लागू पडल्या. रोवण्याला, रोपं लावायच्या वेळी, ती अजून बांधावर बसूनच होती, पण भात कापायला विळा घेऊन उतरली. आवाज परत आला, आणि पहिल्यांदा तिने हाक मारली तेव्हा मुखरू उगाचच दोनदा "ओ" म्हणाला. डोक्यावर बोटभर केस उगवले. गुणाबाईने माफी वगैरे मागितली नाही, फक्त कमळाचं अंथरूण पुन्हा आईजवळ टाकलं. सोनीबाईला मात्र कोणी काहीच बोललं नाही. जणू तो दोर कधी आणलाच नव्हता. कांडायला बोलावलं, ती आली. पण घरात पाऊल टाकीना. भात अंगणातच आणून द्या, म्हणायची.

एका सकाळी मनकर्णाने फणी फिरवली आणि बघितलं तर फणीत जेमतेम दोन केस. तिला राहवेना. ते चिमटीत धरून ती धावत अंगणात आली.

"सोनीबाई, पाह्य व, एवढेच निघाले! धर, पाह्य!"

सोनीबाईच्या हातून मुसळ सुटलं. ती तटकन मागे झाली, दोन्ही पंजे उघडून अंगणभर दाखवत मोठ्याने म्हणाली, "पाहा जी, माह्या हातात काई नाई! मी काई घेतलं नाई!"

अंगणात होतं कोण? पाखडत बसलेली गुणाबाई, आणि कमळा. गुणाबाईचं सूप थांबलं. मनकर्णाने ते दोन केस मुठीत दाबले. मग ती सोनीबाईकडे पाठ करून तिच्या पुढ्यात खाली बसली आणि डोक्यावरचा पदर काढला.

"आत्याबाई, तेल आणा," ती म्हणाली. "सोनीबाई लावून देते."

गुणाबाईने सूप बाजूला ठेवलं. मग उठली, आत गेली, तेलाची वाटी घेऊन आली आणि खाली मान घालून सोनीबाईच्या उघड्या पंजात तेल ओतलं.

मनकर्णा वाट बघत होती. हात डोक्याला लागेना, म्हणून तिने मान वळवली. सोनीबाई आधी रस्त्याकडे बघत होती, कोणी येतंय का ते. मग डोक्याकडे.