माघारी येणारं पाऊल

मला कुणी सारखं सारखं विचारलेलं खपत नाही. दुकानदारानं 'पिशवी देऊ का, बिल देऊ का' म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. मग कॉम्प्युटरनं विचारल्यावर काय होणार! व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा प्रोजेक्ट उघडला, जुनी क्लिप आत टाकली, तर लगेच खिडकी आली: प्रोजेक्टची सेटिंग या क्लिपशी जुळत नाही, जुळवून घेऊ का? म्हटलं, नको बाई, गप बस. मी आधीच फुल एचडी निवडलं होतं. यादीत सगळ्यात वर तेच होतं, आणि मोठंच निवडलं होतं ना, बारकं थोडंच?

क्लिप होती दादांच्या नाचाची. दादा म्हणजे माझे वडील, केरबा. आम्ही धनगर, फुलंब्रीच्या अलीकडं आमचं गाव. जत्रेत देवापुढं ढोलावर नाचणारं मंडळ असायचं, त्याचे दादा पुढारी. वीस वर्षांपूर्वी मी शहरात छावणी भागातल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले, टेपचा छोटा कॅमेरा घेतला आणि बायकांच्या घोळक्यात बसून त्यांचा अख्खा नाच टिपला. पुढं मंडळ मोडलं. जुने गडी गेले, नवे वाळूजच्या कंपन्यांत लागले. यंदा माझ्या धाकट्या भावानं, रामहरीनं, मंडळ परत उभं केलं. पण शिकवणार कोण? एकटे दादाच उरलेले, आणि त्यांना गेल्या वर्षी लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द राहिला, 'नाय'. भाकरी दिली तरी नाय, चहा दिला तरी नाय, आणि नाय नाय करत दोन्ही संपवतात.

म्हणून माझी ती टेप कामाला आली. अवघड जागा होती तिसऱ्या ठोक्याची. डावा पाय बाहेर टाकायचा आणि तिथंच दाबून गिरकी घ्यायची. तेवढा तुकडा मी अगदी संथ करून रामहरीला मोबाइलवर पाठवला. एका बैठकीत उरकलं, आणि स्वतःवरच खूश झाले.

पंधरा दिवसांनी, जत्रेच्या आधीच्या रविवारी, तालीम बघायला गावी गेले. आठ गडी अंगणात उभे, ओसरीवर बाजेवर दादा. ढोल वाजला. तिसऱ्या ठोक्याला आठही पाय बाहेर गेले, अर्ध्यापर्यंत माघारी आले, परत बाहेर गेले, मग गिरकी.

"आक्का, काय बारीक कला हाय बगा!" रांगेत पुढं नाचणारा बिभीषण घाम पुसत म्हणाला. "पाऊल टाकायचं, माघारी घ्यायचं, पुन्हा टाकायचं. ह्ये माघारीचं बसवायलाच आठ दिस गेले. जुनी मानसं लई पोचलेली!"

मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी पोरवयापासून तो नाच बघितलेला. पण व्हिडिओत तसंच होतं आणि व्हिडिओ मीच केलेला, मग शंका कुणावर घेणार? एवढ्यात दादा ओरडायला लागले. "नाय! नाय! नाय!" डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलून त्यांनी अंगणात भिरकावला. तो बिभीषणच्या गुडघ्यावर बसला.

"रोजचं झालंय ह्ये," रामहरी चिडून म्हणाला. "ढोल वाजला की सुरू. डोक्यावर परिणाम झालाय त्यांच्या, दुसरं काय? आक्का, त्यांना आत ने."

मी आणि राजाबाईनं, म्हणजे माझ्या भावजयीनं, त्यांना धरून आतल्या खोलीत नेलं. दार मीच ओढून घेतलं. कडीही मीच घातली. आतून नाय नाय चाललेलंच होतं. रामहरीनं तिथंच सांगून टाकलं, जत्रेला दादांना न्यायचं नाही. देवापुढं असला तमाशा नको. राजाबाई त्यांच्याजवळ घरी राहील. साठ वर्षांत दादांची एक जत्रा चुकली नव्हती. खरं सांगायचं तर मलाही त्यांची लाज वाटली होती.

आठवडाभर मात्र चैन पडेना. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा. शेवटी म्हटलं, जत्रेला नेत नाही तर निदान ती सबंध टेप तरी त्यांना घरी बसून बघायला देऊ, जरा स्वच्छ करून. शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी लॅपटॉप घेऊन जुनेदभाईंच्या दुकानात गेले. छावणीत जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून देतात, ते. माझा संथ तुकडा बघताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"आपा, नवा प्रोजेक्ट उघडल्यावर ये पूछता, सेटिंग मिलाऊं क्या. तुम क्या बोले?"

"नको म्हटलं. फुल एचडी चांगलं ना?"

"नये कॅमेरे को अच्छा. पुरानी टेप को नक्को!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. जुना कॅमेरा प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत लिहितो. आधी एक आड एक ओळी, मग क्षणभरानं राहिलेल्या. आधीचा हप्ता आधी दाखवायचा, एवढंच. मी निवडलेल्या सेटिंगमध्ये क्रम नेमका उलटा, म्हणून नंतरचं आधी दिसत होतं. नेहमीच्या वेगात नुसती थरथर वाटते. संथ केलं की पाय पुढं जातो, माघारी येतो, परत पुढं जातो.

"पाय माघारी येतच नाही?" मी विचारलं.

"आता कैसा आयेगा?" जुनेदभाईंनी प्रोजेक्टची सेटिंग टेपशी जुळवली आणि तुकडा परत लावला.

दादांचा डावा पाय बाहेर पडला, जमिनीत रुतल्यासारखा तिथंच राहिला, आणि सगळं अंग त्यावर फिरलं. माघारी बिघारी काही नाही. मी तो तुकडा पाच वेळा बघितला. अगं बाई, दादा ढोलाला ओरडत नव्हते. ते त्या एका पावलाला ओरडत होते. तीन आठवडे बिचारे एकटे सांगत होते, चुकतंय म्हणून.

एसटीची वाट बघायचा धीर नव्हता, मिळेल त्या जीपमध्ये बसले. ड्रायव्हरला दोनदा ओरडले. गावी पोचले तर चार वाजलेले, जत्रा दुसऱ्या दिवशी. अंगणात तालीम चालू, दादा आतल्या खोलीत आणि दाराला कडी. मी आधी ती काढली. त्यांना धरून बाहेर आणून बाजेवर बसवलं आणि सगळ्यांदेखत त्यांच्यापुढं बसले.

"दादा, चूक माझी होती. व्हिडिओ मी बिघडवला. तुमचंच खरं होतं."

डाव्या हातानं त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की डोळ्यांत पाणीच आलं. धपाट्याचं म्हणा, नाहीतर कशाचंही.

रामहरीनं मोबाइलवर नवा तुकडा दोनदा बघितला. तिसऱ्यांदा त्याच्यानं बघवलं नाही. त्यानं बिभीषणला एका बाजूनं हात लावायला सांगितलं आणि दादांसकट बाज उचलून अंगणाच्या मधोमध ठेवली.

नव्यानं सुरुवात झाली. तीन आठवडे घोटलेलं पाऊल एका तासात कसं सुटेल? पाय माघारी यायचेच. दादा ओरडायचे, ढोल थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून. कुणाचा पाय चुकला, हेही ते बोटानं दाखवत होते. उन्हं उतरेपर्यंत बिभीषण पार वैतागला. "म्हातारं लई सतवायलं राव."

"सतवू दे," रामहरी म्हणाला. "समदं समजतंय त्यांला."

मी दादांच्या पाठीला हात देऊन बसले होते. समदं समजतंय. म्हणजे त्या दिवशी मी आत नेऊन कडी घातली, तेव्हाही समजत होतं.