शेठ, काहीतरी मागा

कडकशेठ दरवर्षी आमच्या थिएटरला पैसे द्यायचे आणि पावती माझ्या टेबलावरच विसरून जायचे. त्यांची लॉन्ड्री थिएटरच्या समोर, रस्त्यापलीकडे. इस्त्री अशी की शर्ट आपल्या पायावर उभा राहील, म्हणून लोकांनी हे नाव पाडलं. नाटक त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मग देता कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, समोर दिवा लागलेला बरा दिसतो.

मी त्या थिएटरची व्यवस्थापक. म्हणजे तिकिटं फाडणारी मी, संडासाला कुलूप लावणारी मी आणि अर्ज लिहिणारीही मीच. गेल्या वर्षी छताची तुळई खचली. नगरपालिकेने दाराला कागद डकवला की छत होईपर्यंत आत प्रेक्षक घ्यायचे नाहीत. नेमकी तेव्हाच दादाच्या नाटकाची तालीम चालू होती. दादा माझा थोरला भाऊ. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं बोलला, आणि म्हातारपणी स्वतः नाटक लिहिलं. त्यात एकच प्रवेश स्वतःसाठी ठेवला, कारण गुडघ्यांना आणि श्वासाला तेवढाच झेपतो. छत नाही तर नाटक नाही. पुढच्या वर्षी करू, असं दादाला सांगायची माझी हिंमत नव्हती. पुढचं वर्ष त्याचं आहे की नाही, कुणास ठाऊक.

अशात ती सरकारी योजना कळली. एखाद्या धंदेवाल्याने कलेला जेवढे पैसे द्यावेत, तेवढेच सरकार वर घालणार. मला वाटलं, चला, देव पावला. शेठ नेहमीच्या कितीतरी पट द्यायला लगेच तयार झाले. मी अर्ज घेऊन योजनेच्या ऑफिसात गेले.

तिथल्या बाई वाईट नव्हत्या. डोळ्यांखाली काळं, समोर फायलींची चळत, चहावर साय धरलेली. बदल्यात यांना काय मिळतं, त्यांनी विचारलं. काही नाही, मी ताठ मानेने सांगितलं.

"मग बसत नाही."

काही घेतलं नाही तर ती देणगी, आणि योजना देणगीला नाही, प्रायोजकत्वाला आहे. व्यवसायाचा फायदा कागदावर दिसला पाहिजे. मी विचारलं, म्हणजे हात पुढे न करता देणारा माणूस सरकारला चालत नाही, व्यवहार करणाराच लागतो? बाई म्हणाल्या, नियम काय मी केलाय का हो, आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. या राज्यकर्त्यांना फुकट दिलेलं समजतच नाही. त्यांना कुणी कधी काही फुकट दिलेलं नसावं, किंवा त्यांनी कुणाला.

मी परत आले आणि थिएटरसमोरचा रस्ता ओलांडून लॉन्ड्रीत गेले.

"शेठ, काहीतरी मागा."

"काय मागू?"

"काहीही. जाहिरात मागा."

"माझी लॉन्ड्री कुठाय ते गिऱ्हाइकाला माहीत आहे."

"सरकारला नाही ना माहीत."

ते हसले. माझी अडचण बघून बिचाऱ्यांनी दाराशी एक लहानशी पाटी मागितली. बाई म्हणाल्या, एवढ्या रकमेला ही पाटी फारच किरकोळ. मी पुन्हा शेठकडे. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या मागा म्हटलं, त्यांनी मागितल्या. तेही तोकडं पडलं. शेवटी मीच म्हटलं, पडद्यावर नाव घ्या, मोठ्या अक्षरांत. शेठ लाजून लाल झाले. लोक म्हणतील म्हातारपणी शिंगं फुटली, म्हणाले. पण तेवढ्यावर अर्ज मंजूर झाला, पडदा शिवून आला, करारावर सह्या झाल्या.

पडदा टांगला त्या दिवशी शेठ पहिल्यांदा आत आले. आपल्या नावासमोर बराच वेळ उभे राहिले. बोटाने दुमड तपासली. मग मेहुण्याला दाखवायला घेऊन आले, मग व्याह्यांना. आणि एका दुपारी तालमीला येऊन आपल्या खुर्चीत बसले.

दादाचा प्रवेश चालू होता. दादा त्यात लॉन्ड्रीवाला. एकेक कपडा उजेडात धरतो आणि डाग वाचतो. हा बायकोशी खोटं बोलतो. हिने बाहीनेच डोळे पुसलेत. याच्या रुमालावर रक्त आहे, घरी कुणाला सांगितलेलं दिसत नाही. गावाचं सगळं त्याला ठाऊक, आणि तो सगळं धुऊन, घडी घालून परत देतो. तो प्रवेश सुरू झाला की तालमीतली पोरं फोन खाली ठेवायची. दादाने तो शेठवरूनच लिहिला होता, मायेने.

शेठ उठले आणि मला बाहेर घेऊन गेले.

"ताई, हे काढा."

मी म्हटलं, अहो, तो माणूस कुणाला काही सांगत नाही.

"भरल्या हॉलला सांगतोय की. आणि वर पडद्यावर माझं नाव. उद्या मला घरच्या चादरी कोण देईल?"

शेठ खोटं बोलत असते तर मी भांडले असते. नाव नसतं तर कुणाच्या मनातही आलं नसतं, आणि ते नाव मीच गळ्यात मारलेलं. नाव काढते, मी म्हटलं. मग सरकारचा वाटा, त्यांनी विचारलं. जाईल, म्हटलं, आणि त्याबरोबर छतही.

"करार झालाय, म्हणजे मला मागता येतं ना? तुम्हीच तर म्हणालात, मागा."

आवाज चढला नव्हता त्यांचा. तगादा लावणारा माणूसच नाही तो. आम्ही तसा घडवला.

घरी दादा जेवत होता. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, ताट भिरकावेल, शेठला, सरकारला, मला शिव्या घालेल, म्हणजे मलाही तोंड सोडता येईल. तो घास चावत राहिला. छताचं काम कधी सुरू होतंय, विचारलं. सोमवारी, मी म्हटलं. लॉन्ड्रीवाल्याचा शिंपी कर ना रे, म्हटलं.

"शिंप्याकडे कापड कोरं येतं," तो म्हणाला.

हात धुऊन आला आणि नाटकाची वही आणून माझ्यासमोर ठेवली.

"काढायचं तर तू काढ, छोटी. मी लिहिलंय. मला नको लावूस काढायला."

केस पिकले तरी मी त्याची छोटीच. प्रवेश थोडक्या पानांचा होता. पेन घेतलं आणि एकेका पानावर तिरकी रेघ ओढत गेले. दादा खुर्चीची पाठ धरून मागे उभा होता. रुमालाचं वाक्य आलं तसा वाकला आणि त्यावर बोट ठेवलं.

"इथे मी जरा थांबायचो," म्हणाला.

मी थांबले. त्याने बोट काढलं, आणि मी रेघ ओढली.