साराईचा हात

लिलियाना मॅडम स्टुलावर चढून आनीबालबाबांच्या दारावरची कागदी पंजांची माळ सोडवत होत्या. खाली एदिल्मा एक मूल कडेवर घेऊन उभी होती. सद्भावना सप्ताहाच्या प्रदर्शनासाठी माळ हवी, असं मॅडमनी आनीबालबाबांना सांगितलं होतं. "सरकारी काम असेल तर न्या," असं म्हणून बाबा आत निघून गेले होते. जन्मभर ऊस तोडलेला माणूस तो, साहेबलोकांना नाही म्हणायची सवयच नव्हती. माळ मुलांनी बाबांना दिली आहे, हे एदिल्माने दोनदा सांगून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, मुलं आणखी करतील.

काली शहराच्या डोंगरउतारावरच्या त्या वस्तीत एदिल्मा सतरा वर्षं आपल्याच घरात पाळणाघर चालवत होती. दोन-तीन वर्षांची बारा पोरं. सरकारी बालकल्याण कार्यालयाकडून डाळ-तांदूळ आणि तुटपुंजा भत्ता मिळे आणि तपासणीला लिलियाना मॅडम येत.

महिन्यापूर्वी या पोरांनी एक खेळ काढला होता. शेजारच्या आनीबालबाबांसारखा पाय ओढत, एकामागे एक, त्यांच्या खिडकीखालून चालायचं. पुढारी साराई, अडीच वर्षांची. हीच पोरगी सगळ्यांना मारायची, चावायची. त्या दिवशी बाबांनी खिडकी लावून घेतलेली एदिल्माने पाहिली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती रागावली नाही. तिने बिटाच्या रसात मक्याचं पीठ शिजवून रंग केला, जुन्या कॅलेंडरची पानं उलटी पसरली आणि एकेकाचा पंजा बुडवता बुडवता सांगत राहिली, बाबांचा पाय दुखतो, दुखणाऱ्याला आपण काय द्यायचं? कुणी म्हणालं मक्याची अरेपा-भाकरी, कुणी म्हणालं पापा. साराईने आधी कागदावर मूठ आपटली, मग पंजा उमटवला. तिचा हात फरकाटलेला निघाला. एदिल्माने बारा हात कापून लोकरीत ओवले. साराईने माळ स्वतः नेली, बाबांच्या हातात कोंबली आणि पळत आली.

त्यानंतर पाय ओढायचा खेळ बंद झाला. बाबांची खिडकी उघडी राहू लागली. रोज सकाळी साराई आधी त्यांच्या दारापाशी जायची आणि माळेतल्या सगळ्यात खालच्या, स्वतःच्या हातावर पंजा टेकवून मगच आत यायची.

माळ नेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती अशीच गेली आणि रिकाम्या दाराकडे बघत राहिली. मग एदिल्माला तिने विचारलं, "बाबांनी टाकला?"

एदिल्माने तिला खूप समजावलं. पण दुपारी साराई पुन्हा पाय ओढत खिडकीखालून चालली आणि तिच्यामागे आणखी चौघं. खिडकी पुन्हा लागली.

एदिल्माने कार्यालयात फोन केला तर उत्तर मिळालं, प्रदर्शन महिनाअखेरपर्यंत आहे, नंतर माळ मुख्य कार्यालयात जाईल. शुक्रवारी तिने बहिणीला पोरांपाशी बसवलं आणि डोंगर उतरून कार्यालय गाठलं.

माळ भिंतीवर टांगलेली होती. खाली पाटी : 'संकल्पना : लिलियाना ओबान्दो'. ते एक वेळ तिने गिळलं असतं. पण हात अकराच होते.

तिने विचारलं तेव्हा मॅडम सहज म्हणाल्या, "एक फरकाटलेला होता, बरा दिसत नव्हता. काढून टाकला."

"कुठे?"

"कचऱ्यात. आणखी कुठे टाकणार?"

एदिल्माचा आवाज चढला नाही. "मॅडम, बाकीची अकरा पोरं गरीब आहेत हो, ती कुणालाही काहीही देतील. ती एकटी मारकी. तिच्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला. आणि तुम्ही नेमका तिचाच हात फेकलात."

मग तिने खुर्ची ओढली आणि माळ काढून घेतली. दारावरचा पहारेकरी उठला, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने वाट सोडली.

मंगळवारी लेखी ताकीद आली : कार्यालयीन मालमत्ता विनापरवाना हलवल्याबद्दल. पुन्हा असं घडलं तर पाळणाघर बंद. एदिल्माने पोच म्हणून सही केली आणि सहीखाली लिहिलं, 'मालमत्ता आनीबालबाबांची आहे.'

अकरा हातांची माळ पुन्हा दारावर लागली. एदिल्माने नवा रंग केला, साराईला जवळ बोलावलं. साराईने दोन्ही हात पाठीमागे लपवले. कितीही चुचकारलं तरी ती ते पुढे करेना.

आनीबालबाबा बाहेर आले. साराईने काय विचारलं होतं ते एदिल्माने त्यांना सांगितलं होतं. भिंतीचा आधार घेत, मोठ्या कष्टाने ते पायरीवर बसले. आता त्यांचं तोंड साराईच्या तोंडासमोर आलं. एखाद्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं ते म्हणाले, "पोरी, मी नाही टाकला. त्या बाईंना मी नेऊ दिला. नको म्हणायला हवं होतं. चुकलं माझं."

साराईने हात पुढे केले नाहीत. पण ती तिथून गेलीही नाही.