थंडी न सोसणारं यीस्ट

प्लेटवर वीस चौकड्या होत्या, म्हणजे ऐंशी बीजाणू. त्यातले एकोणऐंशी उगवले होते. तिसऱ्या चौकडीतला दुसरा मेला होता.

यीस्टची इवलीशी पिशवी फोडायची आणि आतली चार भावंडं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ओळीत मांडायची, हे काम ती इतक्या निगुतीनं करायची की प्रयोगशाळेत तिचं नाव 'सुई' पडलं होतं. तिच्या यीस्टला थंडी सोसत नसे. त्याच्यातला बिघाड कुठं दडलाय ते शोधायला तिनं लाल रंगाच्या यीस्टशी त्याची सोयरीक जुळवली होती. बिघाड लाल रंग देणाऱ्या जनुकाच्या शेजारी असेल, तर लाल पोरं थंडीत तगणार, पांढरी गारठणार, अदलाबदल क्वचितच. लांब असेल, तर नुसता सावळागोंधळ. आजही पत्ता लागला नाही, तर सर हा प्रश्न वरच्या मजल्यावरच्या गटाला देऊन टाकणार होते.

तिनं मखमलीवर प्लेटचा ठसा घेतला होता, तो दुसऱ्या प्लेटवर उठवून ती थंडीत ठेवली होती. आता दोन्ही समोर मांडून ती ताडून पाहत होती. निघाला तो गोंधळच.

"ताई, संपलं सगळं."

"एवढ्या हौसेनं लग्न लावलंस, आणि पोरं ना आईवर, ना बापावर?" पलीकडच्या टेबलावरची सीनियर म्हणाली. "शेजाऱ्यांवर गेली असतील."

"चेष्टा करू नकोस गं. सरांना काय तोंड दाखवू?"

"हेच दाखव. रडकं शोभतं तुला. बरं, तो बिचारा मेलेला कुठाय? त्याच्यासाठीही दोन अश्रू गाळ."

सुईनं नाइलाजानं थंडीतल्या प्लेटवरच्या तिसऱ्या चौकडीवर बोट ठेवलं. दुसऱ्या जागी चांगली टपोरी वसाहत होती.

"अगंबाई! मेलेला उठून बसला की!"

सुईचे कान तापले. तिनं प्लेटची कड पाहिली. वर हवी असलेली काळी खूण खाली होती. अख्खी प्लेट तिनं उलट्या बाजूनं वाचली होती.

"सुईला नेढं असतं, डोळे नसतात," ताई म्हणाली. "फिरव आता."

सुईनं प्लेट फिरवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

पूर्ण चौकड्या एकोणीस. अठरांमध्ये दोन्ही लाल तगलेली, दोन्ही पांढरी गारठलेली. एकीत एका लालची आणि एका पांढऱ्याची अदलाबदल. लाल जनुकापासून अंतर अवघं २.६ सेंटीमॉर्गन.